दाखल-खारीज

शाळेच्या इतिहासाचं पुस्तक आपण बहुतेक जण मागून उघडतो. 'आमचे नामवंत विद्यार्थी' हे पान कुठे आहे ते आधी शोधायचं, ओळखीची दोन-तीन नावं सापडली की समाधान मानायचं, आणि सवड उरलीच तर संस्थापकांच्या तसबिरींकडे वळायचं. धारवाडच्या सेंट जोसेफ हायस्कूलच्या बाबतीतही असंच होणार. नंदन निलेकणी या शाळेत होते, एवढं कळलं की 'अस्सं!' म्हणून मान डोलवायची आणि पुस्तक मिटायचं. अशा घाईतल्या वाचकाला उंबऱ्यावर थोडं थांबवून ठेवण्यासाठीच प्रस्तावना नावाची गोष्ट असते.

थांबलाच आहात तर एका वहीची आठवण करून देतो. जुन्या मुंबई इलाख्यातल्या प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या कपाटात एक जाडजूड नोंदवही असे, आजही असते. कुठे तिला जनरल रजिस्टर म्हणतात, कुठे दाखल-खारीज. एका मुलाला एक आडवी ओळ. ओळीच्या सुरुवातीला नाव, धर्म-जात, मातृभाषा, जन्मगाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, मागची शाळा. ओळीच्या शेवटी शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेरा. मधली सगळी वर्षं त्या दोन टोकांमधल्या फटीत गुडूप झालेली. नामवंतांची यादी बनते ती या ओळीच्या शेवटाकडून, म्हणजे खारीज बाजूने: मुलगा गेला कुठे आणि झाला कोण. माझं सांगणं एवढंच, की या शाळेचा इतिहास दाखल बाजूने वाचावा. मूल कुठून आलं, कोणती भाषा बोलत आलं आणि त्याला इथेच का आणून घातलं, हे आधी पाहावं. धारवाडसारख्या गावात तर ही बाजू जास्त बोलकी आहे, कारण धारवाड मुळात येणाऱ्यांचं गाव आहे.

या गावात राज्यंही आली आणि गेली. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजांच्या मदतीने टिपूच्या ताब्यातला धारवाडचा किल्ला घेतला. पेशवाई बुडाली तेव्हा, १८१८ च्या सुमारास, तो मुलूख कंपनी सरकारकडे गेला आणि मुंबई इलाख्याला जोडला गेला. गावातली माणसं कन्नड बोलत होती, पण कचेरीतली मराठी एकदम कशी जाणार? मोडी लिहिणारे कारकून होते, दप्तरं मराठीत होती, आणि कचेरीत नोकरी हवी तर मराठी यायला हवी होती. त्यामुळे सरकारी शाळांतही मराठीचाच वरचष्मा राहिला. कन्नड मुलखातल्या मुलाने शाळेत मराठी गिरवायची, ही गोष्ट पुढच्या पिढ्यांना डाचत राहिली. २० जुलै १८९० रोजी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, त्यामागे हेच शल्य होतं. मजा अशी, की या कन्नड जागृतीतले किती तरी पुढारी पुण्यात शिकलेले होते. कर्नाटक एकीकरणाचे अध्वर्यू आलूर वेंकटराव हे फर्ग्युसनचे विद्यार्थी, आणि टिळकांचं 'गीतारहस्य' कन्नडमध्ये नेलं ते त्यांनीच. भांडण आणि देवघेव एकाच ओसरीवर, ही धारवाडची रीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा सरकारी फलक बदलले. ती ओसरी मात्र तशीच राहिली.

अशा गावात ख्रिस्ती मिशनऱ्यांची शाळा म्हणजे आणखी एक पाहुणा. पहिले आले ते कॅथलिक नव्हेत. स्वित्झर्लंडमधल्या बासेल मिशनचे प्रॉटेस्टंट पाद्री १८३४ मध्ये मंगळुरास उतरले आणि १८३७ मध्ये धारवाडला पोचले. दोन वर्षांनी हुबळीला. कोकणातल्या घरांवर जी मंगळुरी कौलं आपण पाहतो, त्यांचा पहिला कारखाना याच मिशनने १८६५ मध्ये काढला. याच मिशनच्या फर्डिनांड किट्टेल यांनी धारवाडसह निरनिराळ्या ठाण्यांवर राहून कन्नड-इंग्रजी शब्दकोश रचला. तो १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीला जसा मोल्सवर्थ, तसा कन्नडला किट्टेल. बासेल मिशनचं हायस्कूल धारवाडात नावाजलं गेलं ते या पुण्याईवर. बाहेरच्या माणसाला ही शाळा आणि सेंट जोसेफ एकाच माळेतले मणी वाटतात. प्रत्यक्षात दोघांचं कूळ वेगळं, प्रार्थना वेगळी आणि गावात येण्याची वाटही वेगळी.

इथे एका शब्दाचा घोळ निस्तरायला हवा. मराठी घरांत इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही ख्रिस्ती शाळेला सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतात. पोरगं कॉन्व्हेंटला जातं म्हणजे टाय लावून जातं, एवढाच त्याचा अर्थ. खरं तर कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टरांचा मठ, आणि त्या चालवतात ती कॉन्व्हेंट शाळा. फादर चालवतात त्या शाळेला हे नाव लागू पडत नाही. प्रॉटेस्टंट मिशनच्या शाळेत तर मठ-व्रतस्थ असा प्रकारच नसतो. पण लोकांनी शब्द घेतला तो आपल्या सोयीने घेतला. त्यांना धर्मपंथाशी कर्तव्य नव्हतं. इंग्रजी, शिस्त आणि वेळेवर वाजणारी घंटा यांच्याशी होतं.

कॅथलिक लोक या भागात मोठ्या संख्येने आले ते बरेचसे आगगाडीने. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने हुबळीला जंक्शन केलं, तिथे कारखाना उभा राहिला, आणि मुरगाव बंदराकडून कॅसलरॉक-लोंढ्यामार्गे घाट चढून येणारी लाइन या जाळ्याला मिळाली. त्या लाइनीबरोबर गोव्याचे, मंगळूरचे, तमिळ मुलखातले कॅथलिक आले. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड आले. कुणी फिटर, कुणी तारमास्तर, कुणी बँड वाजवणारा, कुणी खानसामा. हुबळीच्या रेल्वे वसाहतींच्या आसपास चर्च उभी राहिली, आणि चर्चच्या आवारात शाळा. कॅथलिक रीतच अशी आहे: जिथे वस्ती तिथे पॅरिश, जिथे पॅरिश तिथे शाळा. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य. इंग्रजी शिकून ब्रिटिश हद्दीत नोकरी धरायची तर गोव्याच्या मुलाला घाट चढावाच लागे. बेळगाव आणि धारवाड ही त्याची जवळची ठाणी. बेळगावच्या कॅम्पातली सेंट पॉल्स शाळा १८५६ ची, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षाही एका वर्षाने थोरली.

चर्चच्या कारभारातही हा सीमाभागाचा पेच दिसतो. १८८६ मध्ये पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला, आणि दुसरीकडे गोव्याच्या आर्चबिशपांचाही या भागावर हक्क होताच. एका गावातली दोन चर्चं दोन निरनिराळ्या बिशपांकडे पाहत असणं ही पश्चिम किनाऱ्यावरची जुनी डोकेदुखी. अखेर १९ सप्टेंबर १९५३ रोजी पुणे आणि गोवा या दोन्हीकडचा भाग काढून बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि हुबळी-धारवाड त्यात आलं. म्हणजे राज्य पुनर्रचनेच्या तीन वर्षं आधीच चर्चने आपली पुनर्रचना उरकली होती!

शाळेला नाव संत जोसेफचं. येशूचा पालनकर्ता पिता, व्यवसायाने सुतार. पोप पायस नववे यांनी १८७० मध्ये त्याला सगळ्या चर्चचा रक्षक म्हणून जाहीर केलं, आणि त्यानंतर जगभर या नावाच्या शाळा-चर्चांचं पेवच फुटलं. १९५५ पासून १ मे हा कामगार दिनही 'कामकरी संत जोसेफ' म्हणून पाळला जातो. हुबळीसारख्या कारखान्याच्या गावाला लागून असलेल्या धारवाडात सुताराच्या नावाची शाळा, हा योग मला बरा वाटतो. शिवाय जोसेफ हा सख्खा बाप नव्हे, सांभाळणारा. शाळेचंही मुलांशी नातं तेच असतं. पुढे नामवंतांवर हक्क सांगताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

अशा शाळेत गावातली मुलं येत ती कोणत्या भाषेतून येत? इथेच दाखल बाजू वाचण्यासारखी होते. धारवाडात घरची भाषा, रस्त्यावरची भाषा आणि शाळेची भाषा या तीन वेगळ्या असणं हे नवलाचं नव्हतं. द. रा. बेंद्रे यांच्या घरी मराठी. त्यांनी कविता लिहिली कन्नडमध्ये, आणि 'नाकुतंती'साठी ज्ञानपीठ मिळवलं. गिरीश कार्नाड माथेरानला जन्मलेले, घरात कोकणी, सुरुवातीचं शिक्षण मराठीत; शिरसीहून चौदाव्या वर्षी कुटुंबासोबत धारवाडला आले, बासेल मिशन हायस्कूलमध्ये शिकले आणि पुढे 'ययाती', 'तुघलक', 'हयवदन' ही नाटकं कन्नडमध्ये लिहिली. जी. ए. कुलकर्णी बेळगावकडून आले, धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आणि कथा लिहिली मराठीत. त्या कथांतला उन्हाने रापलेला मुलूख मात्र महाराष्ट्रातला कमी आणि या पट्ट्यातलाच जास्त. या तिघांपैकी सेंट जोसेफचा कोणी नव्हे. तरी या शाळेच्या प्रस्तावनेत ते हवेत, कारण शाळेच्या फाटकाबाहेरची हवा कशी होती ते त्यांच्यावरून कळतं. ज्या गावात माणूस एका भाषेत जेवतो, दुसऱ्या भाषेत भांडतो आणि तिसऱ्या भाषेत लिहितो, तिथे इंग्रजी ही चौथी पाहुणी म्हणून आली. तिलाही पाट मांडला गेला.

अर्थात सगळ्यांनाच तो पाट रुचला असं नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळा मुलांना मातृभाषेपासून तोडतात ही तक्रार खोटी नव्हती. विनायक कृष्ण गोकाक हे धारवाडच्या कर्नाटक कॉलेजचे विद्यार्थी आणि स्वतः इंग्रजीचे नाणावलेले प्राध्यापक. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने १९८१ मध्ये शाळांत कन्नडला प्रथम भाषेचं स्थान द्यावं असा अहवाल दिला. तो अमलात आणावा म्हणून १९८२ मध्ये जे आंदोलन पेटलं, त्यात नट राजकुमार उतरले आणि सारं राज्य ढवळून निघालं. १९९४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचं शिक्षण मातृभाषेतच असावं असा आदेश काढला. वीस वर्षं खटले चालले आणि मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माध्यमाची सक्ती रद्द ठरवली. ख्रिस्ती शाळांचा इतिहास लिहिणारे हा भाग बहुधा चार ओळींत आटोपतात. तो तसा आटोपू नये. मुलाला कोणत्या भाषेत दाखल करायचं, हा प्रश्न पालकाच्या पोटाशी आणि समाजाच्या मानाशी एकाच वेळी भिडलेला असतो. आणि शाळेच्या फाटकाशी दोन्ही एकदम येऊन उभे राहतात.

आता ज्या नावासाठी वाचक मागचं पान उघडणार आहे, त्याच्याकडे वळू. नंदन निलेकणी यांचा जन्म २ जून १९५५ चा, बंगळूरचा. घराणं शिरसीकडचं, घरची भाषा कोकणी. वडील मोहनराव गिरणीत वरच्या हुद्द्यावर, आणि गिरणीची नोकरी म्हणजे बदल्या. बाराव्या वर्षी मुलाला धारवाडला काकांच्या घरी ठेवलं गेलं, आणि तिथून तो सेंट जोसेफमध्ये जाऊ लागला.

ही गोष्ट मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शिक्षणासाठी काकाकडे, मामाकडे, आत्याकडे ठेवलेलं पोर आपल्या प्रत्येक घराण्यात एक तरी निघतं. ते पोर लवकर शहाणं होतं. आपल्या ताटात काय पडलं याची तक्रार करायची नाही, दुसऱ्याच्या घरात वावरताना आवाज किती ठेवायचा, हे त्याला कुणी शिकवत नाही, ते शिकतं. धारवाडने अशी पोरं पिढ्यान् पिढ्या सांभाळली. पेन्शनीत निघालेले अधिकारी, मास्तर, वकील यांची ऐसपैस कौलारू घरं, अंगणात आंबा-पेरू, आठ-आठ दिवस न उघडणारा पाऊस, आणि पायी जाण्याच्या अंतरावर शाळा-कॉलेज. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले लोक मुलाला 'धारवाडला शिकायला ठेवलाय' असं म्हणत, त्यात अभिमान असे. तेव्हा निलेकणींच्या नावाखाली जमा धरायची तर काका-काकूंच्या घरालाही वाटा द्यायला हवा, गावालाही, आणि मग शाळेला.

हा मुलगा धारवाडला आला ते वर्ष साधारण १९६७ चं. त्या वर्षीच्या जानेवारीत गोव्याने कौल देऊन महाराष्ट्रात विलीन होण्याचं नाकारलं होतं, आणि ऑगस्टमध्ये महाजन आयोगाने सीमाप्रश्नावर आपला अहवाल दिला. बेळगावच्या रस्त्यांवर भाषेचा प्रश्न धगधगत असताना तिथून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर एक कोकणी बोलणारा मुलगा कन्नड गावातल्या इंग्रजी शाळेत रोज मुकाट्याने जात होता. मातृभाषेच्या रकान्यात असं मूल एका शब्दात मावतं. त्याचं रोजचं जगणं त्या रकान्यात मावत नाही.

पुढची वाट ठाऊक असलेली आहे. धारवाडलाच कर्नाटक कॉलेजात इंटरच्या तोडीचं शिक्षण झालं. त्या कॉलेजची इमारतही दाखल-खारीजच्या कथेत बसणारी आहे: एके काळी ते सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य कार्यालय होतं. ज्या रेल्वेने परगावची माणसं इथे आणली, तिच्याच कचेरीतून पुढे मुलं बाहेर पडू लागली. निलेकणी तिथून मुंबईच्या आयआयटीत गेले, १९७८ मध्ये विद्युत अभियंता झाले, पटनी कंपनीत नारायण मूर्तींना भेटले. १९८१ मध्ये सात जणांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस काढली ती पुण्यात. २००२ ते २००७ निलेकणी तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. २००९ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडून सरकारी कामाला लागले: देशातल्या प्रत्येक रहिवाशाला एक क्रमांक देण्याच्या.

इतक्या मोठ्या नावाच्या सावलीत शाळेचा इतिहास लिहिण्यात एक धोका असतो. शाळा स्वतःला त्या एका नावाची कारणमीमांसा समजू लागते. फळ्यावरचं कुठलं गणित, कुठल्या फादरांचा कुठला बोल, कुठल्या स्नेहसंमेलनातलं कुठलं बक्षीस, यांत पुढचं सगळं शोधायचा मोह होतो. पण त्याच बाकावर, त्याच फादरांसमोर बसलेली उरलेली चाळीस मुलं? त्यांपैकी कुणी बँकेत लागलं, कुणी हुबळीच्या बाजारात बापाच्या दुकानावर बसलं, कुणी रेल्वेत गेलं, कुणी आखाती देशात, कुणी त्याच शाळेत मास्तर होऊन परत आलं. शाळेने त्यांना कमी शिकवलं होतं का? शाळेचं खरं माप या मुलांवरून निघतं, कारण त्यांच्या बाबतीत नशिबाचा आणि काळाचा हात कमी, शाळेचा जास्त. चारचौघांत इंग्रजीतला अर्ज न चाचरता लिहिता येणं, ओळीत उभं राहण्याची सवय, आणि मधल्या सुट्टीत वेगळ्या धर्माच्या मुलाचा डबा खाल्ल्याचा अनुभव, एवढं घेऊन ती बाहेर पडली. नाताळाचा गोठा आणि गणपतीची आरास एकाच मुलाने करावी आणि त्यात त्याला काही विशेष वाटू नये, हे छोट्या गावातल्या मिशन शाळांनी घडवलेलं काम आहे. ते कुठल्या निकालपत्रकात उतरत नाही.

म्हणून हा इतिहास वाचणाऱ्याने नावांपाशी घुटमळताना थोडं अलीकडे सरकावं. या मुलाचा बाप कोणत्या गाडीने आला होता, आजी कोणत्या भाषेत रागवायची, मुलगा राहायचा कुणाकडे, हे विचारावं. शिक्षकांविषयीही तेच विचारावं, कारण या शाळांतले मास्तर आणि फादर हेसुद्धा परगावहून दाखल झालेले. शाळा म्हणजे परक्यांना एका ओळीत उभं करण्याची जागा. रोज सकाळी हजेरी घेताना तिथे आपलं नाव मोठ्याने उच्चारलं जातं, आणि 'हजर' म्हणायला आपण असतो.

आता त्या वहीकडे परत येतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, देशातला पहिला आधार क्रमांक एका गावकरी महिलेच्या हाती दिला गेला. बारा अंक, बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं. माणूस कुठे दाखल झाला आणि कुठून खारीज, याची पर्वा न करणारी नोंद. कधी काळी धारवाडच्या एका शाळेच्या वहीत स्वतः एक आडवी ओळ असलेल्या माणसाने सबंध देशाची वही आखायला घेतली होती.

त्यानंतर चौदा वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे रस्ते अपघातातल्या भरपाईचा एक खटला होता. मृताचं वय किती, यावर रक्कम ठरणार होती. आधारवर एक तारीख, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरी. न्यायालयाने दाखल्यावरची तारीख धरली. आधार ही ओळख आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असा त्याचा आशय.

कपाटातल्या त्या जुन्या वहीत कुणा कारकुनाने बोरूने, नंतर टाकाने, नंतर बॉलपेनने अंकी आणि अक्षरी लिहून ठेवलेली ती ओळ अजून चालते. तीच उघडून आता पुढे वाचायला घ्या. डावीकडून.